यारा नदीच्या नावाचा अर्थ काय?

मेलबर्नवाला: रोज ट्रेनने यारा ओलांडतो, काल मुलगी म्हणाली बाबा यारा म्हणजे काय, मला सांगताच येईना. कुणाला माहितीये का?

वाटसरू: अहो ते गैरसमजातून पडलेलं नाव आहे. १८३५ मध्ये वेज नावाच्या सर्व्हेयरने सोबतच्या स्थानिकांकडून 'यारा यारा' ऐकलं आणि त्याला वाटलं हेच नदीचं नाव, नंतर कळलं की तो शब्द धबधब्यासाठी वापरतात. तिथल्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांचं नदीसाठीचं नाव बिरारुंग, धुक्याची नदी. मुलीला हेच शिकवा, फार सुंदर नाव आहे.

सिडनीची ताई: आमच्या सिडनीतल्या पॅरामाटा उपनगराचं नाव पण मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेतलं, अर्थ वाम मासे राहतात ती जागा. तिथल्या रग्बी टीमचं नावसुद्धा ईल्स, म्हणजे वामच!

मेलबर्नवाला: थँक्यू दोघांनाही, पहाटे पुलावर धुकं दिसलं की तिला दाखवतो.