मामा तलावात सायप्रिनस टाकायचा की नाही?

तलावकाठ (भंडारा):
आमच्या मच्छीमार संस्थेत यंदा मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांनी धानासाठी बांधलेला जुना तलाव) रोहू-कटला-मृगळच्या बोटुकलीसोबत (पिल्लांसोबत) सायप्रिनस (कॉमन कार्प हा परदेशी मासा) टाकायचं घाटतंय. माझा विरोध आहे. प्रशिक्षणात शिकवतात: कटला वरच्या थरात प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-पाला, मृगळ तळाचा कुजका गाळ. तिघांची ताटं वेगळी, म्हणून भांडण नाही. पटतं, पण पाणी पुरुषभर असेतोवर. धानाला पाणी गेलं की मे महिन्यात आमचा तलाव कमरेवर येतो. मग कुठला वर आणि कुठला तळ? त्यात सायप्रिनस किडे-अळ्यांसाठी तळ उकरतो, हायड्रिला हे पाणगवत मुळासकट उपटतो, पाणी गढूळ करतो. ऊन खाली पोचत नाही, पाणवनस्पती परत येत नाही. मरळ अंडी घालते ती याच वनस्पतीच्या आडोशाला.

सचिव_गोंदिया:
भाऊ, तलावाची लीज कोण भरणार? रोहू-कटला साचल्या पाण्यात अंडी देत नाहीत, बीज दरसाल विकत आणावं लागते. सायप्रिनस तलावातच अंडी देऊन वाढते. आन् मरळीचं कौतुक करता, ती आमची बोटुकली गिळते त्याचं काय?

ढिवराची_लेक:
गिळते ना जी, पण बारीक बोटुकली. बोटभर लांब झाल्यावर सोडा, बरीच वाचते. संस्थेच्या हिशेबात रोहूचे किलो दिसतात. आम्ही बाया झिंगे, बारीक मासोळी धरतो, घरची भाजी त्यावरच होते, ते कुठंच लिहिलं जात नाही. गवत गेलं की झिंगेही गेले. मरळ वरची हवा घेते, ओल्या पोत्यात जिवंत बाजारात जाते, भाव रोहूहून जास्त.

सचिव_गोंदिया:
ताईचं खरं आहे. पण मरळीचं बीज सहजी भेटत नाही. शंभर घरं चार मरळींवर कशी जगतील? मृगळ कमी करून थोडा सायप्रिनस टाकू, दोघंही तळाचेच.

तलावकाठ:
दोघं तळाचे म्हणूनच तर भीती! मृगळ गाळ चाळते, हा उपटतो. हवाच असेल तर बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) टाका, तलावात नको.

जाळेवाला:
पोळ्याच्या सुमारास बोडी फुटून तलावात वाहते, ते विसरलात? हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ साली पुरामुळे मत्स्यबीज केंद्रातून सिल्व्हर कार्प हा असाच परदेशी मासा निसटला. पुढं तिथं तोच माजला, कटला मागे पडला. बोडीत टाकायचा तर आधी सांडव्याला जाळी बसवा. त्याचा खर्च संस्था करणार का, एवढं सचिवांनी सांगावं.