मदत हवी आहे: ऐरोलीहून बंगळुरूला, घरीच शिकणाऱ्या मुलासह

नमस्कार मंडळी. ह्यांची बदली बंगळुरूला झालीये. लेक तेरा वर्षांचा, ऑटिस्टिक, घरीच शिकतो. १४ पूर्ण झाली की एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळेच्या) दहावीचा फॉर्म भरू. बोर्ड केंद्राचं, त्यामुळे राज्य बदललं तरी ते बदलत नाही, तेवढाच जिवाला आधार. यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) देशभर चालतं. पण त्यावरचा पत्ता बदलताना कुणाला पुन्हा मेडिकल बोर्डापुढे जावं लागलं का?

खरा घोर वेगळाच आहे. त्याचं लिहिणं अगदी हळू, परीक्षेला लेखनिक लागणारच. मराठी माध्यम ठेवलं तर मराठी लिहिणारा लेखनिक तिकडे मिळतो का? की आत्ताच इंग्रजीकडे वळवू? (सासूबाई म्हणतात, वळव. त्यांना काय जातंय!)

आणि कन्नड न येणाऱ्या मुलाला सांभाळून घेणाऱ्या स्पीच थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत? व्हाइटफील्डच्या आसपास असल्या तर उत्तम.

रोज झोपताना तो ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी स्टेशनं ओळीने म्हणतो. आता तिकडच्या मेट्रोचा नकाशा भिंतीवर लावलाय. घर बदलायच्या आधी मुलाची आणखी कशी तयारी केलीत, तेही सांगा.