‘व्हेरा ड्रेक’ : व्हेराला फार सोवळं दाखवलंय का?

सांजवात
दिग्दर्शक माइक ली यांचा ‘व्हेरा ड्रेक’ (२००४) हा चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : १९५०चं लंडन, महायुद्ध संपून पाच वर्षं झालीत, पण रेशनिंग अजून चालूच आहे. व्हेरा श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करते. नवरा गॅरेजमध्ये काम करतो, दोन मुलं हाताशी आलेली. आणि घरात कुणालाही पत्ता लागू न देता ती अडलेल्या बायकांचे गर्भपात करते, एक पैसा न घेता. कायद्याने तो गुन्हा. एक मुलगी मरता मरता वाचते आणि पोलीस दारात येतात.

घरच्यांना चित्रपट रडका वाटला. ‘पोलीस आल्यानंतर काही घडतच नाही’ असं म्हणाले. मला तर त्यापुढचा तासभरच खरा चित्रपट वाटतो. मुलीचं लग्न ठरल्याची छोटीशी पार्टी चाललीय, पोलीस येतात, आणि कॅमेरा व्हेरा झालेल्या इमेल्डा स्टॉन्टनच्या चेहऱ्यावर थांबतो. कुणी काही बोलायच्या आधीच तिला सगळं कळून चुकलेलं असतं. ली कित्येक महिने तालमी घेतात, त्यातूनच संहिता तयार होते. व्हेरा काय करते हे कुटुंबाची भूमिका करणाऱ्या नटांना सांगितलेलंच नव्हतं, तालमीत पोलीस दारात आले तेव्हा त्यांना कळलं. तो धक्का पडद्यावर दिसतो.

तुम्हाला काय वाटतं?

आडवाट
अभिनयाबद्दल दुमत नाही. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन (सर्वोत्कृष्ट चित्रपट) आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार, दोन्ही योग्यच. पण पटकथेने व्हेराला फार सोवळं ठेवलंय. ती पैसे घेत नाही, का? तर तिच्यावर बोट ठेवता येऊ नये म्हणून. मुली आणणारी लिली प्रत्येकीकडून दोन गिनी (दोन पौंडांहून किंचित जास्त) घेते आणि व्हेराला सांगतही नाही. म्हणजे लोभ सगळा लिलीच्या माथी आणि माया सगळी व्हेराच्या पदरी. व्हेरा थोडे पैसे घेणारी असती तर आपल्याला तिची बाजू घ्यायला जड गेलं असतं, आणि चित्रपट जास्त खरा झाला असता. प्रेक्षकाला आधीच रडायला बसवून मग प्रश्न विचारणं मला मान्य नाही.

दवाखान्यातली
मी तीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते. माझा आक्षेप वेगळा आहे. व्हेरा खिसणीवर साबण खिसते, गरम पाण्यात कालवते, बोटाने पाणी कितपत गरम आहे ते बघते आणि रबरी पिचकारीने आत सोडते. वर चहाचं आधण ठेवते. सगळं कसं घरगुती, आश्वासक! जेनिफर वर्थ यांनी याच गोष्टीवर कडक टीका केली होती. त्या स्वतः १९५०च्या दशकात लंडनमध्ये नर्स आणि सुईण होत्या. या पद्धतीने बाई जवळजवळ हमखास दगावायची, आणि गर्भपाताला बंदी असलेल्या देशांत हे बघून कुणी करायला गेलं तर अनर्थ होईल, असं त्यांचं म्हणणं. मी सेप्टिक होऊन आलेल्या मुली पाहिल्यात. तो वास नाकातून जात नाही. पडद्यावर तो कुठेच नाही.

सांजवात
ताई, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. तरी दोन प्रसंग आठवून बघा. पामेला नावाची मुलगी इस्पितळात पोचते, मरणाच्या दारातून परत येते, आणि तिथूनच प्रकरण पोलिसांकडे जातं. शेवटी तुरुंगात व्हेराला याच गुन्ह्यातल्या दोघी भेटतात, त्यांच्या हातून तर मुली गेलेल्या असतात. व्हेरासमोर ते अगदी साध्या आवाजात बोललं जातं. चित्रपट धोका लपवत नाही. व्हेराला तो दिसत नव्हता, कारण ती परत चौकशीला कधी जातच नव्हती. मला हाच तिचा दोष वाटतो, आणि तो दाखवलाय. त्यामुळे आडवाट, ‘सोवळं’ मला पटत नाही.

चाळकरी
सगळे व्हेरावरच बोलताय, सुझनवर कुणीच नाही! श्रीमंत घरातली मुलगी, तिच्यावर बळजबरी झालेली. ती डॉक्टरकडे जाते, मानसोपचारतज्ज्ञ चार प्रश्न विचारतो, गर्भपात गरजेचा असल्याचा कागद तयार होतो, स्वच्छ नर्सिंग होममध्ये काम होतं. फी लिलीच्या दोन गिनींच्या कितीतरी पट. गर्भपातबंदीचा कायदा १८६१चा, दोघींना एकच. पण एकीसाठी त्यात फट आहे आणि दुसरीसाठी साबणाचं पाणी. चित्रपटात यावर कुणी भाषण देत नाही. सुझनची गोष्ट व्हेराच्या गोष्टीला कुठे भिडतही नाही, नुसती शेजारून जाते. १९६७ साली ब्रिटनने कायदा का बदलला ते त्या शेजारून जाण्यात कळतं.

दवाखान्यातली
सांजवात, तुरुंगातला प्रसंग मी विसरले होते. तेवढं मान्य. चाळकरी म्हणतात ते तर आपल्याकडेही तसंच होतं. १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ती चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या म्हणूनच. गर्भपाताला परवानगी देणारा १९७१चा कायदा त्यातून आला. तरी पिचकारीचा आक्षेप मी सोडत नाही. नर्सिंगच्या मुलींना हा चित्रपट जरूर दाखवावा, पण शेजारी बसून दाखवावा.

आडवाट
मीही माझं मत सोडत नाही. लेखकाने तिच्यासाठी वाट फार सोपी केलीय. पण एक कबूल करतो. पोलीस ठाण्यात तिला लग्नाची अंगठी काढायला सांगतात आणि ती बोटातून निघता निघत नाही, तिथे माझा सगळा वाद थांबला होता. आणि जामिनावर असतानाचा तो नाताळ. घरात कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, मुलगा आईकडे बघायला तयार नाही. अशात होणारा जावई रेज, आख्ख्या चित्रपटात जेमतेम बोललेला माणूस, सांगतो की कित्येक वर्षांत इतका चांगला नाताळ झाला नव्हता. तो ते मनापासून म्हणतो. व्हेराने कधीतरी त्याला एकटा बघून जेवायला बोलावलं होतं, त्याला तेवढंच आठवत असतं.