निवृत्तीनंतर आरव्हीने फिरताना कॅम्पग्राउंडचे सदस्यत्व घ्यावे का?

प्रश्न: कोलंबसकर

नमस्कार. आम्ही दोघे पती-पत्नी ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतो. माझे वय 67 आहे, पत्नीचे 64. निवृत्तीनंतर अमेरिका सावकाश पाहावी असे पुष्कळ दिवस मनात होते, म्हणून आम्ही 29 फुटी, क्लास सी प्रकारचे (मध्यम आकाराचे) वापरलेले मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी (आरव्ही), घेतले. आमच्या वर्षाचा आराखडा बराचसा ठरलेला आहे. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात फिरायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे आमच्याकडे असतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही पुण्यात असतो.

अलीकडे कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे अशा गाड्या उभ्या करून राहण्याच्या जागांच्या, एका साखळीने दोन रात्री विनामूल्य राहण्याचे निमंत्रण दिले आणि त्या बदल्यात त्यांचे माहितीसत्र ऐकावे लागले. आरंभी 6,000 डॉलर भरायचे, त्यानंतर दरवर्षी 700 डॉलर देखभाल शुल्क द्यायचे, आणि साखळीतील कोणत्याही ठिकाणी रात्रीचे भाडे न देता राहायचे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. सदस्यत्व ‘आजीवन’ आहे असे सांगण्यात आले, आणि हा भाव त्याच दिवशी सही करणाऱ्यालाच मिळेल असेही. आम्ही सही केली नाही, तरी विक्रेत्याचे दूरध्वनी येतच आहेत.

खाजगी कॅम्पग्राउंडमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्या जोडण्यांसह एका रात्रीला सहज 50 ते 60 डॉलर पडतात, हे पाहता प्रस्ताव आकर्षक वाटतो. आमच्यासारख्यांनी असे सदस्यत्व घेणे हिताचे आहे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1: वाळवंटी पाहुणा

आम्ही घर विकून पूर्णवेळ मोटरहोममध्ये राहतो आणि हिवाळा ॲरिझोनात काढतो. त्यामुळे माझे मत सदस्यत्वाच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याला आलेला प्रस्ताव कोणाचा आहे ते आपण लिहिलेले नाही, म्हणून मला माहीत असलेल्या थाउजंड ट्रेल्स या कॅम्पग्राउंड साखळीच्या वार्षिक झोन पासविषयीच लिहितो. या पासात एकरकमी मोठी रक्कम भरावी लागत नाही. देशाचे काही विभाग, म्हणजे झोन, पाडलेले आहेत आणि आपण निवडलेल्या झोनमधील कॅम्पग्राउंडमध्ये वर्षभर राहता येते. एका ठिकाणी जास्तीत जास्त 14 रात्री मुक्काम करता येतो. मुक्काम चार रात्रींपेक्षा अधिक झाला, तर पुढचे सात दिवस साखळीच्या बाहेर काढावे लागतात. चार किंवा त्याहून कमी रात्री राहून निघाल्यास थेट दुसऱ्या कॅम्पग्राउंडमध्ये जाता येते. बरेच जण ते सात दिवस सरकारी जमिनीवर काढतात. पश्चिमेकडील राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे बीएलएमच्या, मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी 14 दिवसांपर्यंत फुकट राहता येते. फक्त वीज-पाण्याची सोय आपली आपण करावी लागते.

वार्षिक पास 600 डॉलरला पडला असे धरू. बाहेर रात्रीला 50 डॉलर द्यावे लागत असतील, तर बाराव्या रात्री पैसे वसूल होतात आणि तेराव्या रात्रीपासून नफा सुरू होतो. वर्षातून शंभर-सव्वाशे रात्री राहणाऱ्याला यापेक्षा स्वस्त छप्पर मिळणार नाही. मात्र एक ध्यानात ठेवावे. या साखळीची ठिकाणे दोन्ही किनाऱ्यांवर, टेक्सासमध्ये, फ्लोरिडात आणि मध्यपश्चिमेत आहेत; कोलोरॅडो, युटा, वायोमिंग या रॉकी पर्वताच्या पट्ट्यात तिचा उपयोग होत नाही. यलोस्टोन आणि झायॉन ही राष्ट्रीय उद्याने डोळ्यांपुढे ठेवून कोणी हा पास घेणार असेल, तर त्याने घेऊ नये.

उत्तर 2: सरोवरकाठची

कोलंबसकर दादा, वाळवंटी पाहुण्यांनी लिहिलेले खरे आहे, पण ते त्यांच्या दिनदर्शिकेचे खरे आहे. अशा सदस्यत्वाचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः हिवाळ्यात, जेव्हा उत्तरेकडील निवृत्त मंडळी फ्लोरिडा, टेक्सास आणि ॲरिझोनात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. नेमके त्याच काळात आपण पुण्यात असणार. उत्तरेकडील बरीच कॅम्पग्राउंड ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिल-मेपर्यंत बंद असतात. म्हणजे वर्षभराचे शुल्क भरून आपल्या हाती चार महिने राहतात, आणि त्या चार महिन्यांतही काही रात्री मुलांकडे, काही स्नेह्यांच्या अंगणात आणि काही राष्ट्रीय उद्यानांत जाणार. ती उद्याने कोणत्याही साखळीत नाहीत. विक्रेता वर्षाच्या 365 रात्रींचा हिशेब मांडतो. आपण आपल्या प्रवासाच्या रात्री मोजाव्यात, आणि त्यांतूनही त्या साखळीच्या दारात खरोखर घालवाल तेवढ्याच.

6,000 डॉलरच्या प्रस्तावाचे गणित मी मांडून पाहते. दहा वर्षांत एकरकमी 6,000 आणि देखभालीचे 7,000 मिळून 13,000 डॉलर होतात, तेही शुल्क कधीच वाढणार नाही असे धरल्यास. वर्षाला 30 रात्री तेथे राहिलात, तर दहा वर्षांत 300 रात्री होतात आणि एका रात्रीला सुमारे 43 डॉलर पडतात. त्या 6,000 डॉलरवर बँकेत जे व्याज मिळाले असते, ते यात धरलेलेच नाही. दहा वर्षांनी आपण 77 वर्षांचे असाल. एवढी मोठी गाडी तोवर चालवण्याची उमेद राहावी अशी सदिच्छा, पण तिच्या भरवशावर आगाऊ पैसे भरणे मला पटत नाही.

आता आपल्याला आधीच लागू असलेल्या सवलतीविषयी. वयाची 62 वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना अमेरिका द ब्युटिफुल या केंद्र सरकारच्या पासांच्या मालिकेतील सीनियर पास मिळतो. वर्षभरासाठी 20 डॉलर, आजीवन 80 डॉलर. (ऑगस्ट 2017 पूर्वी आजीवन पास 10 डॉलरला मिळत असे, ज्यांनी तेव्हा घेतला ते अजून मिरवतात.) वयाने आपण दोघेही पात्र आहात. या पासावर राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मिळतोच, पण आरव्हीवाल्यांच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे केंद्र सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये जागेचे भाडे निम्मे होते. राष्ट्रीय उद्याने, वनखात्याची जंगले, बीएलएमच्या जागा आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या सैन्याच्या अभियंता विभागाची कॅम्पग्राउंड यांत ही सवलत चालते. काही ठिकाणी व्यवस्था खाजगी ठेकेदाराकडे असते, काही ठिकाणी विजेच्या जोडणीचे शुल्क सवलतीतून वगळलेले असते, म्हणून आरक्षणापूर्वी अटी वाचाव्यात. राज्य उद्यानांना हा पास लागू नाही.

यांपैकी आर्मी कोअरच्या जागा आपल्याकडच्या मंडळींना फारशा ठाऊक नसतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. नद्यांवर धरणे बांधताना जे जलाशय तयार झाले, त्यांच्या काठांवर या संस्थेने कॅम्पग्राउंड उभारली. केंटकी आणि टेनेसीत लेक बार्कली, लेक कंबरलँड अशा ठिकाणी ती आहेत, म्हणजे आपल्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर. तेथे पोहण्याचा तलाव किंवा नाचगाण्याचा क्लब नसतो; पण विजेची जोडणी, डंप स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची जागा), दोन गाड्यांमध्ये ऐसपैस अंतर आणि समोर पाणी, एवढे बहुधा मिळते. 30 डॉलरची जागा आपल्याला 15 डॉलरला पडेल. फोडणीचा वास शेजाऱ्याच्या खिडकीत जाण्याची चिंता नसते, हा माझ्या मते दुर्लक्षिलेला फायदा आहे.

शिवाय आपण ओहायोचे रहिवासी आहात. साठीनंतर गोल्डन बकआय या राज्याच्या ज्येष्ठ नागरिक कार्डावर तेथील राज्य उद्यानांत कॅम्पिंगला सवलत मिळते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत ती अधिक असते. निवृत्तांना शनिवार-रविवारचे बंधन नसते, तेव्हा या सवलतीचा पुरेपूर उपयोग करावा.

उत्तर 3: टेक्सासचा वाटसरू

वरील दोन्ही मतांच्या मधली एक गोष्ट सुचवतो. सदस्यत्व म्हणजे हजारो डॉलरच असे नाही. पासपोर्ट अमेरिका या सवलत क्लबच्या सदस्यत्वाला वर्षाला साधारण 50 डॉलर पडतात आणि सहभागी कॅम्पग्राउंडमध्ये भाडे निम्मे होते. सवलत बहुतेकदा मधल्या वारी, एक-दोन रात्रींपुरती आणि गर्दीचा हंगाम वगळून असते, तरीही तीन-चार मुक्कामांत शुल्क वसूल होते. केओए ही कॅम्पग्राउंड साखळी आणि गुड सॅम हा आरव्हीवाल्यांचा क्लब यांची सवलत साधारण 10 टक्क्यांची असते. ज्या वर्षी लांबचा प्रवास असेल, त्या वर्षापुरते घ्यावे.

हार्वेस्ट होस्ट्सचा प्रकार निराळा आहे. तेथे द्राक्षबागा, शेते, छोटी संग्रहालये अशा ठिकाणी बहुधा एक रात्र विनाभाडे थांबता येते. जोडण्या सहसा नसतात, गाडीत स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असणे बंधनकारक असते, आणि यजमानाकडून काहीतरी विकत घ्यावे अशी अपेक्षा असते. मद्य न पिणाऱ्यांनी शेताचा पर्याय निवडावा. भाजी, मध, अंडी कामालाच येतात. लांब पल्ल्याच्या वाटेवर रात्रीची विश्रांती म्हणून हे उत्तम, मुक्कामासाठी नाही.

उत्तर 4: कागद वाचणारा

मी व्यवसायाने करारनाम्यांशी संबंधित होतो, त्यामुळे फक्त कागदाविषयी लिहितो. ‘आजीवन’ या शब्दाची व्याख्या करारात कशी दिली आहे ते पाहावे: सदस्याचे आयुष्य, पती-पत्नींपैकी मागे राहणाऱ्याचे, की कंपनी ते कॅम्पग्राउंड चालवेल तोपर्यंत. वार्षिक शुल्क कशाच्या आधारे वाढेल आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, हे लेखी असावे. प्रवास थांबल्यावर शुल्क थांबवण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा आणि त्याचे उत्तर करारातील कलमावर बोट ठेवून मागावे. ते बोट कलमावर पडत नसेल, तर आपला निर्णय झाला असे समजावे. आपल्या पश्चात ते दायित्व मुलांकडे जाते का, हेही पाहावे.

दुसरे म्हणजे फेरविक्री. अशी सदस्यत्वे नको झालेली माणसे ती मूळ किमतीच्या लहानशा अंशाला विकायला काढतात. खरोखर घ्यायचेच असेल, तर तेथे पाहावे. पण हस्तांतर शुल्क किती आणि हस्तांतरानंतर कोणत्या सुविधा गळतात, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. वॉशिंग्टन, टेक्सास अशा काही राज्यांत सदस्यत्वाच्या कॅम्पग्राउंडसाठी स्वतंत्र कायदे आहेत. सहीनंतर करार रद्द करण्याची मुदत मिळाली तरी ती थोड्या दिवसांचीच असते आणि रद्द केल्याची सूचना लेखी द्यावी लागते. आज सही केली तरच मिळणारा भाव पुढच्या महिन्यातही मिळतो, असे माझे निरीक्षण आहे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: कोलंबसकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विक्रेत्याला शुल्क थांबवण्याविषयीचे कलम विचारले. त्याने ‘मॅनेजरशी बोलून सांगतो’ असे उत्तर दिले. आम्ही त्याला नकार कळवला आहे आणि सीनियर पास घेण्याचे ठरवले आहे. पुण्याला जाणे ज्या वर्षी नसेल, त्या वर्षी आग्नेय झोनच्या वार्षिक पासाचा विचार करू, असे पत्नीचे मत पडले आणि मला ते पटले.

एक शंका उरली आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानगळीचे रंग पाहण्यासाठी ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात जायचे आहे. तेथे सीनियर पास चालेल ना?

उत्तर 5: सरोवरकाठची

जागेच्या भाड्यात सवलत मिळेल, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्मोकीच्या उद्यानात प्रवेश शुल्क मुळातच नाही. मार्च 2023 पासून तेथे पार्किंग टॅग घ्यावा लागतो, दिवसाला 5, आठवड्याला 15 आणि वर्षाला 40 डॉलर, आणि सीनियर पास असला तरी तो माफ होत नाही. दुसरे, उद्यानातील बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याच्या जोडण्या नाहीत आणि जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो. ऑक्टोबरातील रात्री थंड असतात, तेव्हा प्रोपेन आणि बॅटरी भरून जावे. गाडीच्या लांबीची मर्यादा प्रत्येक कॅम्पग्राउंडला वेगळी आहे. 29 फुटांना उद्यानातील एल्कमाँट कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळू शकते, तरी आरक्षण करताना त्या विशिष्ट साइटची लांबी तपासावी. आरक्षण सहा महिने आधी खुले होते, म्हणजे आपल्याला एप्रिलच्या उत्तरार्धात सकाळी संगणकापुढे बसावे लागेल. पासाचा क्रमांक त्याआधीच हाती असू द्यावा, कारण सवलत आरक्षणाच्या वेळीच लावायची असते.