मदत हवी आहे: शेपटी कापली की पॉलिमिक्सिन हे प्रतिजैविक जिवाणूंना का मारत नाही?

नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, सोमवारी सेमिनार आहे. आईच्या तुटलेल्या माळेचे मणी ओवून पॉलिमिक्सिन बी बनवलंय (एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल): सात मण्यांचं कडं, तीन मण्यांची शेपटी, टोकाला फॅटी आम्लाचा दोरा. त्याचे पाच धन भार जिवाणूच्या बाह्य पटलातल्या लिपिड ए या मेद-रेणूला चिकटतात, इथवर कळलं.

पण दोरा आणि त्यालगतचा एक मणी काढला की उरलेला नऊ मण्यांचा तुकडा ई. कोलाय या जिवाणूला मारत नाही, फक्त बाह्य पटल सैल करून रिफाम्पिसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला वाट देतो. भार तर तेवढेच! मग आतलं पटल फोडायला दोराच लागतो का? तसं असेल तर बिनशेपटीचं ग्रॅमिसिडिन एस हे प्रतिजैविक कसं मारतं? कुणी मराठीतून नीट समजावेल का? खरंच अडलंय.