सहा दिवसांत बावीस चित्रपट, आणि बावीसही परीक्षणे?

टिपणवही :
नुकत्याच संपलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाविषयी ‘अनिमिष’ यांनी परवा लिहिले. सहा दिवस, बावीस चित्रपट, प्रत्येकाला दोन ओळी आणि पाचांपैकी तारे. गप्प बसायचे ठरवले होते, पण अकराव्या क्रमांकाने ते होऊ दिले नाही.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची कार्यशाळा आवरणाऱ्या बाईचा तो चित्रपट. त्यावर त्यांचा निकाल असा : ‘काहीच घडत नाही. मध्ये वीसेक मिनिटे डोळा लागला. दीड तारा.’ नेमक्या त्या वीस मिनिटांत ती बाई टेबलावर ओतलेले स्क्रू आकारानुसार डब्यांत लावत बसते. कॅमेरा जागचा हलत नाही. चौथा डबा भरताना एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली जातो. ती वाकून पाहते, पण उचलत नाही. अगदी शेवटी ती तो उचलते, आणि सगळा चित्रपट या दोन क्षणांमध्ये ताणून धरलेला आहे. तो पाहताना जो झोपला, त्याने ‘काहीच घडत नाही’ असे लिहावे, याला धाडस म्हणावे की आणखी काही? दिवसाला चार चित्रपट पाहणाऱ्याने खुशाल यादी द्यावी. परीक्षण मात्र जे दोन-तीन मनात उरले त्यांचेच लिहावे.

अनिमिष :
मी झोपलो हे तुम्हाला कळले, कारण ते मीच लिहिले. न लिहिता साडेतीन तारे दिले असते, तर तुम्ही माझ्या रसिकतेचे कौतुक केले असते. राहता राहिला प्रश्न यादीचा. या बावीसांपैकी फार तर तीन-चार पुन्हा कुठे पाहायला मिळतील. उरलेल्यांविषयी मराठीत काही शोधणाऱ्याला माझ्या दोन ओळींखेरीज बहुधा काहीच सापडणार नाही. शांतपणे, चिंतन करून लिहू म्हणणाऱ्यांचे लेख कधी लिहून होत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आणि झोपेचेच म्हणाल, तर प्रेक्षकाला सुखाने डुलकी लागू देणारे चित्रपट आपल्याला आवडतात, असे खुद्द इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी सांगत असत.

दुसरी घंटा :
कियारोस्तामींनी झोपण्याची मुभा दिली होती, झोपून उठल्यावर तारे वाटण्याची नव्हे. घाईच्या निकालांचे पुढे काय होते, हे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पुरेसे दिसलेले आहे. 1960 साली इटालियन दिग्दर्शक आन्तोनिओनींच्या ‘लाव्हेन्तुरा’ची तिथे हुर्यो उडवली गेली, त्यानंतर रोस्सेलिनींसह अनेक चित्रपटकर्त्यांनी आणि समीक्षकांनी पाठिंब्याचे निवेदन काढले, आणि त्याच महोत्सवात चित्रपटाला परीक्षक मंडळाचे पारितोषिकही मिळाले. हुर्यो उडवणारे काही अडाणी नव्हते; दमलेले असावेत, असा माझा कयास आहे.

अनिमिष :
उदाहरण तुमचे, पण ते माझ्या बाजूने बोलते. 2003 साली ‘द ब्राउन बनी’ पाहून अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तो कान महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट असल्याचे सांगितले. दिग्दर्शकाशी जाहीर भांडण झाले. पुढे त्याने सुमारे सव्वीस मिनिटे कापली, आणि नवी आवृत्ती पाहून ईबर्ट यांनीच चांगले लिहिले. तेव्हा ताबडतोब मत द्यावे आणि चुकले तर बदलावे. ते मनात मुरवत ठेवल्याने काय साधते?

टिपणवही :
ईबर्ट यांनी मत बदलण्यापूर्वी चित्रपट पुन्हा पाहिला होता, हा तपशील आपण सोयीने बाजूला ठेवलात. शिवाय ते जागे होते.

मागची रांग :
झोपणाऱ्यांवर एवढा राग कशासाठी? झोपलेला प्रेक्षक कोणाला त्रास देत नाही, घोरत नसेल तर. खरा उपद्रव आहे तो चाळिसाव्या मिनिटाला उठून, मोबाइलचा दिवा लावून, बाराजणांचे गुडघे तुडवत बाहेर जाणाऱ्यांचा. त्यांना चित्रपट नावडलेला नसतो. पुढच्या खेळाची रांग धरायची असते. यंदा माझ्या पुढे असाच एक गृहस्थ नेमका त्या क्षणी उभा राहिला, जेव्हा पडद्यावरची मुलगी पहिल्यांदाच बोलत होती; सबटायटल त्याच्या पाठीवर उमटले आणि ती काय म्हणाली ते मला अजून ठाऊक नाही. चित्रपट सुरू झाल्यावर दारे बंद करावीत, बाहेर जाण्यासाठीसुद्धा.

दुसरी घंटा :
बाहेर जाण्यासाठीसुद्धा? आग लागली तर काय करायचे? नावडलेल्या चित्रपटातून उठून जाणे हा प्रेक्षकाचा सर्वांत जुना आणि प्रामाणिक अभिप्राय आहे. शेवटपर्यंत कुढत बसायचे आणि मग दिग्दर्शक समोर आला म्हणून उभे राहून टाळ्या वाजवायच्या, हा दांभिकपणा मला त्या दिव्यापेक्षा अधिक खुपतो. हल्ली तर टाळ्या किती मिनिटे चालल्या याच्याच बातम्या होतात.

मागची रांग :
अभिप्राय द्यायचा तर अंधारात द्यावा. दिवा लावून अभिप्राय देणारे आपणच ते गृहस्थ तर नव्हेत ना, अशी शंका आता येऊ लागली आहे.

दुसरी घंटा :
हे वैयक्तिक होते आहे. आणि मी दिवा लावत नाही, चाचपडत जातो.

अनिमिष :
माझ्या झोपेवरून लक्ष हटल्याबद्दल दोघांचेही आभार. टिपणवही यांचे एक म्हणणे मी मान्य करतो, आनंदाने नव्हे : अकराव्या चित्रपटाचे तारे काढतो. ‘काहीच घडत नाही’ याऐवजी ‘मी जागा असताना काही घडले नाही’ असे लिहितो. वस्तुस्थिती तीच होती. बाकीचे एकवीस जिथे आहेत तिथेच राहतील.

टिपणवही :
एवढी उदारता पेलवेल की नाही, पाहते. दोन ओळींच्या नोंदींचा काही उपयोगच नाही, असे मी म्हटलेले नाही. सतराव्या क्रमांकाची तुमची नोंद वाचून मी माझे वेळापत्रक बदलले होते आणि पश्चात्ताप झाला नाही. पण नोंद म्हणजे परीक्षण नव्हे.

कोपऱ्यातली खुर्ची :
इतका वेळ केवळ वाचत होतो. तो अकराव्या क्रमांकाचा चित्रपट मी दुसऱ्या खेळाला पाहिला, भरपूर झोप काढून आणि पहिल्या रांगेत बसून. शेवटच्या दृश्यात बाई स्क्रू उचलत नाही. ती कपाट सरकवते, तिथली धूळ झाडते आणि तो स्क्रू कचऱ्याबरोबर सुपलीत जातो. एका प्रेक्षकाने नंतरच्या प्रश्नोत्तरांत त्याविषयीच विचारले होते, म्हणून पक्के लक्षात आहे.

अनिमिष :
टिपणवही, आपण त्या वेळी जाग्या होता ना?

टिपणवही :
पूर्ण जागी होते. माझ्या वहीत ‘उचलते’ असेच लिहिलेले आहे. निदान मला ते तसे लागते. अंधारात लिहिलेले असल्यामुळे त्या शब्दापुढे काही आहे की ती खालच्या ओळीची वेलांटी आहे, हे उद्या उजेडात पाहून सांगते.