एलएलबी नसलं तरी चालतं, पण…

एकाने विचारलंय, भाच्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय, त्याला परदेशात पेटंट कायद्याचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करता येईल का? त्यावर कुणी सांगितलंय, की आधी तीन वर्षं एलएलबी करावंच लागेल. सरसकट तसं नाही. जर्मनीत म्युनिकला एमआयपीएलसी हे बौद्धिक संपदा कायद्याचं केंद्र आहे, त्याचा एक वर्षाचा एलएलएम इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधरांनाही घेतो. शिकवणं इंग्रजीत, आणि मॅक्स प्लँक ही जर्मन संशोधन संस्था त्यात भागीदार आहे.

खरा प्रश्न परत आल्यावरचा. पेटंट देशापुरतं असतं. तिथे युरोपचा पेटंट करार घोटून यायचं आणि इथे काम १९७० च्या भारतीय कायद्यावर. त्यातलं कलम ३(के), म्हणजे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही, हे पुण्यातल्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सतत आडवं येतं. ते कुठलं परदेशी विद्यापीठ कशाला खोलात शिकवेल?

म्हणून जाण्याआधी भाच्याला भारताची पेटंट एजंट परीक्षा द्यायला सांगा. त्याला इंजिनिअरिंगची पदवी पुरते, एलएलबी लागत नाही. अर्ज तयार करणं, मुंबईच्या पेटंट ऑफिसपुढे बाजू मांडणं, सगळं करता येतं. कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र एलएलबी आणि वकिलीची सनद हवीच. तिथे म्युनिकच्या पदवीचा उपयोग नाही.